कॅलिफोर्नियांतील डोंगरी सिंहाचा खटला

एखाद्या हिंस्र जनावराचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे त्या जनावरापेक्षां मनुष्याविषयींच अधिक लिहावें लागतें. जनावराचा स्वभाव शतकानुशतकें तोच राहतो. पालटते ती मनुष्याची दृष्टि, आणि दृष्टीमागून त्याचा कायदा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्नियांत एकच प्राणी शंभर वर्षांच्या आंत प्रथम दरवडेखोर, मग शिकारीचें सावज आणि शेवटीं कायद्याचा आश्रित ठरला. हें स्थित्यंतर कसें झालें, आणि त्यायोगें मनुष्य व जनावर यांमधील तंटा मिटला किंवा नाहीं, याचा विचार आम्हीं येथें योजिला आहे.

हा प्राणी म्हणजे डोंगरी सिंह. नांवावरून वाचकांनीं आयाळवाला वनराज डोळ्यांपुढें आणूं नये. याला आयाळ नाहीं, आणि सिंहासारखी गर्जनाही याला करितां येत नाहीं. रंगानें पिंगट, अंगानें सडपातळ आणि स्वभावानें एकांतप्रिय असा हा प्राणी प्यूमा किंवा कूगर या नांवांनींही ओळखला जातो. उत्तरेस कॅनडापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत त्याचा संचार आहे. हरिण हें त्याचें मुख्य भक्ष्य. परंतु उघड्या आवारांतील शेळी किंवा मेंढी हरणापेक्षां सहज हातीं लागते. तंट्याचें मूळ येथें आहे.

इ. स. 1907 मध्यें कॅलिफोर्नियाच्या सरकारनें या प्राण्याच्या डोक्यावर बक्षीस लाविलें. पुढें मादीबद्दल नराहून अधिक रक्कम मिळूं लागली. मादी मारली म्हणजे पुढची पिढीही खुंटते, हा हिशेब त्यामागें उघड होता. सरकारनें पगारी शिकारीही ठेविले. त्यांपैकीं जे ब्रूस याच्या नांवावर सहाशेंहून अधिक बळी जमा आहेत. ही बक्षिसाची पद्धति 1963 पर्यंत चालली, आणि तेवढ्या काळांत 12,462 जनावरांबद्दल पैसे मोजले गेले. हें वाचून कोणी अमेरिकनांस नांवें ठेवूं नयेत. ब्रिटिश अमलांतील हिंदुस्थानांतही हीच रीत होती. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणें 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत येथें 80,000 हून अधिक वाघ आणि 1,50,000 हून अधिक बिबटे मारले गेले. नांगराखालीं येणारी जमीन आणि वाढणारा सारा हेंच राज्याचें कल्याण, असें मानणाऱ्या सरकारास रानांतील प्रत्येक दांत शत्रूचा वाटतो.

बक्षीस बंद पडल्यावर 1969 मध्यें डोंगरी सिंहाची गणना शिकारीच्या जनावरांत झाली. परवाना काढावा, हंगाम पाहावा आणि मारावा, असा नियम झाला. म्हणजे दरवडेखोराचें सावज झालें. ही व्यवस्था फार दिवस टिकली नाहीं. 1971 मध्यें शिकारीस तात्पुरती मनाई करणारा कायदा झाला. त्यावर गव्हर्नर रोनाल्ड रीगन यांनीं सही केली आणि 1972 पासून तो अमलांत आला. वेळोवेळीं वाढविलेली ही मनाई 1986 मध्यें संपली. पुढील दोन वर्षीं सरकारी मंडळानें शिकारीचा हंगाम पुन्हां उघडण्याचा प्रयत्न केला, परंतु दोन्ही वेळां न्यायालयानें तो अडविला. अखेर जून 1990 मध्यें हा प्रश्न प्रत्यक्ष मतदारांपुढें गेला. थोड्याशा मताधिक्यानें 117 क्रमांकाचा ठराव मंजूर झाला आणि डोंगरी सिंह ‘विशेष संरक्षित’ प्राणी ठरला. वन्य प्राण्यांच्या वसतिस्थानांसाठीं तीस वर्षें दरसाल तीन कोटि डॉलर बाजूस काढावे, असेंही त्यांत होतें. शिवाय विधिमंडळास हा कायदा बदलावयाचा तर पांचांत चार मतें अनुकूल पाहिजेत, अशी अट घातलेली होती. लोकांनीं एकवार दिलेला निकाल लोकप्रतिनिधींस सहजीं फिरवितां येऊं नये, असा हा बंदोबस्त होता.

त्या निकालाची कसोटी लवकरच लागली. 1909 पासून कॅलिफोर्नियांत डोंगरी सिंहानें मनुष्य मारिल्याची नोंद नव्हती. 1994 च्या एप्रिलमध्यें एल डोराडो जिल्ह्यांत रानवाटेनें धांवण्याचा व्यायाम करणारी एक स्त्री मारली गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दक्षिणेस सॅन दिएगोजवळच्या उद्यानांत दुसरी. पहिल्या प्रसंगीं त्या सिंहिणीस शोधून ठार केल्यावर तिचें पिल्लूं मागें राहिलें. मृत स्त्रीच्या मुलांसाठीं निधि निघाला तसा पिल्लासाठींही निघाला, आणि आरंभीं पिल्लाच्या निधींत अधिक पैसे जमले, असें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. या बातमीनें पुष्कळांस संताप आला, आणि तो आम्हांस अस्वाभाविक वाटत नाहीं. तथापि 1996 च्या मार्चमध्यें जेव्हां 197 क्रमांकाच्या ठरावानें हें विशेष संरक्षण काढून घेण्याची सूचना मतदारांपुढें आली, तेव्हां त्यांनीं ती फेटाळून लाविली.

उभय पक्षांचें म्हणणें आतां ऐकावें. शिकारीचे कैवारी म्हणतात कीं, बंदुकीचा धाक असला म्हणजे जनावर मनुष्यापासून दूर राहतें आणि त्याची संख्या आटोक्यांत राहते. विरोधक म्हणतात कीं, कुत्र्यांकरवीं झाडावर चढविलेल्या प्राण्यास खालून गोळी घालणें यांत मर्दुमकी नाहीं, आणि अशा शिकारीनें तंटा कमीही होत नाहीं. यांपैकीं नीतीचा भाग प्रत्येकानें आपल्या मनाशीं ठरवावा. परंतु धाकाचा मुद्दा वस्तुस्थितीचा आहे, आणि त्याची परीक्षा झालेली आहे. वॉशिंग्टन संस्थानांत, जेथें शिकार कायदेशीर आहे तेथें, संशोधकांनीं जुने आंकडे तपासून 2013 मध्यें असें प्रसिद्ध केलें कीं, ज्या वर्षीं शिकार अधिक झाली त्याच्या पुढील वर्षीं तक्रारी व पाळीव जनावरांची हानि वाढली. कारण असें दिसतें कीं, वयस्क नर आपल्या मुलखांत इतर नरांस टिकूं देत नाहीं. तो मेला म्हणजे त्या जागीं तरुण, अननुभवी नर शिरतात आणि तेच वस्तीजवळ येतात. सर्वत्र असेंच घडतें असें एका प्रांतावरून म्हणतां येणार नाहीं. परंतु अशाच तऱ्हेचा अनुभव आमच्या महाराष्ट्रांतही आलेला आहे. जुन्नर भागांतील बिबटे 2001 पासून मोठ्या संख्येनें पकडून दुसऱ्या रानांत सोडण्यांत आले, तेव्हां मनुष्यांवरील हल्ले कमी न होतां वाढले, असें विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. स्थिरावलेलें जनावर हलविलें म्हणजे भय हलतें, नाहींसें होत नाहीं.

मग संरक्षणानें तंटा मिटला काय? तसेंही नाहीं. 1990 च्या कायद्यानें हौसेची शिकार बंद केली. परंतु ज्याचें पशुधन मारलें गेलें त्यास जनावर मारण्याचा परवाना मागण्याची मोकळीक ठेविली, आणि पुढील कित्येक वर्षें दरसाल सुमारें शंभर सिंह या मार्गानें मारले जात होते. 2016 च्या नोव्हेंबरांत मॅलिबू येथें पी-45 या क्रमांकाच्या नरानें एका रात्रींत दहा अल्पाका मारले. मालकास परवाना मिळाला, पण लोकांचा असा गिल्ला झाला कीं तो वापरला गेला नाहीं. त्याच कालखंडांत पी-22 या नरानें दोन मोठे मोटाररस्ते ओलांडून लॉस एंजलिस शहरांतील ग्रिफिथ उद्यानांत सुमारें दहा वर्षें वास केला आणि तो नगराचा लाडका झाला. डिसेंबर 2022 मध्यें, दुखापतीनें व आजारानें जर्जर झाल्यावर, पशुवैद्यांनीं त्यास मरण दिलें. त्याच्या स्मरणार्थ हजारों लोक जमले. ज्याच्या शेळ्या नाहींत त्याला सिंहावर प्रेम करणें सोपें जातें, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

2024 च्या मार्चमध्यें त्याच एल डोराडो जिल्ह्यांत दोघां तरुण भावांवर हल्ला होऊन एकाचा अंत झाला; वीस वर्षांतील कॅलिफोर्नियांतील हा पहिलाच मृत्यु. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कोलोराडोच्या मतदारांनीं मात्र शिकारबंदीचा ठराव नाकारिला. एकाच देशांत, एकाच प्राण्याविषयीं, दोन संस्थानांचे निकाल परस्परविरुद्ध! यावरून आम्हांस असें वाटतें कीं, बंदूक हा या खटल्यांतील मुख्य मुद्दाच नव्हे. रात्रीं शेळ्या छप्पर व जाळी असलेल्या आवारांत कोंडणें, राखणीचीं कुत्रीं ठेवणें, रस्त्यांवरून जनावरांस वाट करून देणें, या गोष्टींनीं जेवढें साधतें तेवढें हंगाम उघडून किंवा मिटून साधत नाहीं. परंतु या गोष्टींस पैसा लागतो, आणि आजवर त्याचा बराचसा भार डोंगराच्या कडेस राहणाऱ्या गवळ्या-धनगरांवर पडत आला आहे. शहराच्या मतांनीं सिंह वांचतो, तर त्या आवाराच्या जाळीचा खर्चही शहरानें उचलावा. तसें होईपर्यंत हा खटला निकालांत निघाला असें आम्हीं म्हणणार नाहीं.