जहाजाची दुसरी किंमत

कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळा तोंडावर आला की गलबते वाळूवर ओढून घेतात. समुद्र खवळलेला असेपर्यंत त्यांना विश्रांती मिळते; मालकाला मात्र ती मिळत नाही. तळाची प्रत्येक फळी ठोकून पाहावी लागते, किडीने पोखरलेले लाकूड काढावे लागते, सांध्यांत नवा काथ्या भरावा लागतो. दुसऱ्याने वापरलेले गलबत विकत घेणाऱ्याला तर एक गोष्ट फार लवकर उमगते. विकणाऱ्याच्या हाती ठेवलेली रक्कम ही त्या गलबताची केवळ पहिली किंमत असते. दुसरी किंमत पुढे समुद्र वसूल करतो, आणि ती किती, केव्हा व कशाच्या रूपाने द्यावी लागेल हे खरेदीच्या दिवशी कोणालाही सांगता येत नाही.

हा अनुभव सामान्य नाखव्यापुरताच मर्यादित नाही. अठराव्या शतकातील सर्वांत बलाढ्य नौदलालाही तो आला. १७६९ साली शुक्राचा ग्रह सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. त्याचे वेध घेण्यासाठी दक्षिण समुद्रात जहाज पाठवावे, असे लंडनच्या रॉयल सोसायटीने सुचविले, आणि ब्रिटिश नौदलाने त्यासाठी १७६८ च्या पूर्वार्धात एक जहाज विकत घेतले. ते लढाऊ जहाज नव्हते. ते यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील व्हिटबी गावी टॉमस फिशबर्न याच्या कारखान्यात बांधलेले, १७६४ साली पाण्यात उतरलेले, कोळसा वाहणारे एक साधे तारू होते. नाव ‘अर्ल ऑफ पेम्ब्रोक’, भार सुमारे ३६८ टन. नौदलाने त्याची किंमत मोजली २,८४० पौंड, १० शिलिंग आणि ११ पेन्स. आणि त्याला ‘एन्डेव्हर’ हे नवे नाव दिले.

जहाज केवळ चार वर्षे वापरलेले होते. तरीही टेम्स नदीकाठच्या डेटफर्ड येथील सरकारी गोदीत ते दुरुस्तीला आणि सजविण्याला गेले तेव्हा तेथील खर्च २,२९४ पौंडांवर गेला, म्हणजे जवळजवळ आणखी एका जहाजाच्या किमतीइतका! या खर्चातील एक मोठी बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. उष्ण कटिबंधातील समुद्रात लाकूड पोखरणारी एक कीड असते. ती काही महिन्यांत भक्कम तळाची चाळण करून टाकते. तिच्यापासून बचाव व्हावा म्हणून एन्डेव्हरच्या तळावर फळ्यांचे दुसरे अस्तर ठोकण्यात आले. तळाला तांब्याचा पत्रा मारण्याची युक्ती त्या सुमारास निघाली होती, पण या जहाजासाठी लाकूडच पसंत करण्यात आले. लाकडाची डागडुजी कोणताही सुतार, कोणत्याही किनाऱ्यावर करू शकतो.

जहाज आधी ठरले आणि कप्तान मागाहून नेमला गेला. जेम्स कुक हा शेतमजुराचा मुलगा. १७२८ साली त्याचा जन्म झाला, आणि समुद्राचा धडा त्याने गिरविला तो व्हिटबीच्या याच कोळसावाहू जहाजांवर. त्यांची चाल धिमी आणि रूप बेडौल. पण पोट ऐसपैस आणि तळ सपाट. ओहोटीच्या वेळी वाळूवर टेकले तरी असे जहाज कलंडत नाही. अज्ञात किनाऱ्यांचा शोध घेण्यास असेच जहाज योग्य, कारण ते कोठेही किनाऱ्याला लावून दुरुस्त करता येते, असे कुकने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. दुरुस्ती लागणारच नाही असे जहाज जगात नसते. शहाण्या खलाशाने दुरुस्त करता येईल असे जहाज शोधावे, हा त्याच्या विचाराचा इत्यर्थ होता.

२६ ऑगस्ट १७६८ रोजी ९४ माणसे घेऊन एन्डेव्हरने प्लिमथ बंदर सोडले. ताहितीचे वेध झाले, न्यूझीलंडच्या दोन्ही बेटांचा किनारा नकाशावर उतरला, आणि मार्च १७७० मध्ये घरी परतण्याचा मार्ग ठरविण्याची वेळ आली. केप हॉर्नला वळसा घालून जावे, ही कुकची इच्छा होती. दक्षिणेकडे मोठा भूखंड आहे की नाही, या प्रश्नाचा त्यामुळे निकाल लागला असता. परंतु हिवाळा जवळ आला होता आणि दीड वर्ष समुद्राचा मार खाल्लेल्या जहाजाची अवस्था त्या वादळी मार्गाला पुरी पडणारी नव्हती. म्हणून ते पश्चिमेकडे वळले आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर पोचले. या वळणाचे तेथील मूळ रहिवाशांवर पुढे जे दूरगामी परिणाम झाले, त्यांच्या मुळाशी इतर कारणांबरोबर एका जुन्या जहाजाची शिडे, दोर आणि तळ यांची स्थितीही होती.

११ जून १७७० च्या रात्री अकराच्या सुमारास, भर भरतीच्या वेळी, एन्डेव्हर प्रवाळाच्या खडकावर चढले. हलके व्हावे म्हणून सहा तोफा, लोखंड, दगड, पिंपे असा ४० ते ५० टन भार समुद्रात फेकण्यात आला. दुसऱ्या दिवसाच्या भरतीने ते सुटले नाही. अखेर २३ तासांनी, रात्रीच्या भरतीबरोबर, ते खडकावरून निघाले. तळातून पाणी येतच होते. तीन पंप अखंड चालत होते, आणि खलाशांच्या बरोबरीने शास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांच्यासारखे प्रतिष्ठित प्रवासीही पाणी उपसत होते. तेव्हा जोनाथन मंकहाउस या तरुण अधिकाऱ्याने पूर्वी एका व्यापारी जहाजावर पाहिलेली युक्ती सुचविली. जुन्या शिडावर काथ्या आणि लोकर बारीक करून थापायची, वर मेंढ्यांच्या लेंड्यांचा लेप द्यायचा, आणि ते शीड दोरांनी जहाजाच्या पोटाखालून ओढून भोकावर आणायचे. पाण्याचा ओढा त्यातील काथ्या आत खेचतो आणि भोक बुजते. तसेच झाले, मग एकच पंप पुरा पडू लागला.

आठवडाभराने एका नदीच्या मुखाशी जहाज वाळूवर लावले, तेव्हा त्याच्या बचावाचे दुसरे कारण उघडकीस आले. ज्या खडकाने तळ फोडला त्याचाच एक मोठा तुकडा मोडून भोकात अडकून राहिला होता! तो निघाला असता तर जहाज तेव्हाच बुडाले असते. येथे सुमारे सात आठवडे मुक्काम पडला. भात्याची भट्टी पेटली, लोहाराने खिळे घडविले, आणि सुतारांचा प्रमुख जॉन सॅटर्ली व त्याचे सोबती ओहोटीच्या थोड्या थोड्या वेळात फळ्या बसवीत राहिले. ‘कांगारू’ हा शब्द युरोपीयांनी येथील गुगू यिमिथिर लोकांच्या तोंडून टिपून घेतला, तोही या सक्तीच्या मुक्कामातच. सपाट तळाने आपले मोल येथे पुरेपूर चुकते केले. तथापि तळाचा सर्वांत खोल भाग ओहोटीतही नीट उघडा पडत नव्हता. तेथे काय झाले आहे हे कोणालाच दिसले नाही. खरी दुरुस्ती गोदीतच व्हावयास हवी होती, आणि जवळची गोदी होती ती डचांच्या बटाविया शहरात, म्हणजे आजच्या जकार्त्यात.

ऑक्टोबर १७७० मध्ये एन्डेव्हर बटावियाला पोचले. तोपर्यंतच्या दोन वर्षांहून अधिक काळच्या प्रवासात रक्तपिती या खलाशांच्या काळाने एकही बळी घेतला नव्हता, आणि कुकला त्याचा सार्थ अभिमान होता. दुरुस्तीसाठी लागणारे पैसे मात्र त्याच्यापाशी नव्हते. शहरात एवढी रक्कम देऊ शकणारा खासगी सावकार मिळेना. म्हणून त्याने डच गव्हर्नराकडे अर्ज केला आणि कंपनीच्या खजिन्यातून कर्ज मिळविले. ओन्रुस्ट बेटावरील गोदीत जहाज कलते केले तेव्हा पाहणारे थक्क झाले. कण्याच्या जवळ सुमारे सहा फूट लांबीपर्यंत अडीच फळ्या घासून घासून केवळ एक अष्टमांश इंच जाडीच्या उरल्या होत्या, आणि तेथूनच किडीने आतल्या वाशांत प्रवेश केला होता. एवढ्या पातळ पापुद्र्याच्या आधारावर ही माणसे शेकडो कोस चालून आली होती!

डच कारागिरांनी काम उत्तम केले. कुकने त्यांची मुक्त कंठाने प्रशंसा केली आहे. पण या दुरुस्तीचे खरे बिल खजिन्याच्या पावतीवर लिहिलेले नव्हते. बटावियाच्या साचलेल्या कालव्यांभोवती हिवताप आणि आमांश यांचे राज्य होते. जहाज दुरुस्त होत असताना माणसे अंथरुणाला खिळली. शल्यवैद्य विल्यम मंकहाउस गेला. ताहितीहून मोठ्या आशेने आलेला टुपाया, जो पॉलिनेशियाच्या बेटांचे मार्ग मुखोद्गत असलेला पुरोहित आणि दर्यावर्दी होता, तो व त्याचा बालसेवक तेथेच मरण पावले. बंदरात सात माणसे दगावली. २६ डिसेंबरला जहाज निघाले ते धडधाकट तळ आणि आजारी माणसे घेऊन. पुढच्या काही आठवड्यांत चित्रकार सिडनी पार्किन्सन गेला, खगोलज्ञ चार्ल्स ग्रीन गेला, भोक बुजविण्याची युक्ती सांगणारा जोनाथन मंकहाउस गेला, आणि नदीकाठी त्या फळ्या बसविणारा सॅटर्लीही गेला. एकूण तिसाहून अधिक माणसे या एका मुक्कामाने नेली. जहाज वाचविणारे हात जहाजाबरोबर घरी पोचले नाहीत.

जुलै १७७१ मध्ये एन्डेव्हर इंग्लंडला परतले. पुढे मालवाहतुकीत झिजून ते मार्च १७७५ मध्ये विक्रीला निघाले आणि ६४५ पौंडांना गेले. आता नवा मालक होता आणि जुनेच दुखणे होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी सैन्य वाहून नेण्याकरिता सरकारला भाड्याने जहाजे हवी होती. मालकाने हे जहाज पुढे केले, तेव्हा डेटफर्डच्या तपासनिसांनी ते निकामी म्हणून नाकारले. ‘लॉर्ड सँडविच’ हे नाव देऊन ते पुन्हा आणले गेले, तेव्हाही हे तेच जुने जहाज आहे हे त्यांनी ओळखले. अखेर पुरती डागडुजी झाल्यावर १७७६ साली ते स्वीकारले गेले. नाव पालटले तरी तळ पालटत नाही, हे गोदीतल्या माणसांना पक्के ठाऊक होते. ऑगस्ट १७७८ मध्ये अमेरिकेतील न्यूपोर्ट बंदरात, फ्रेंच आरमाराची वाट अडविण्यासाठी, इंग्रजांनी ते स्वतःच बुडविले. तेथील एक अवशेष याच जहाजाचा असल्याचे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने २०२२ साली जाहीर केले. अमेरिकेतील सहकारी संशोधकांनी मात्र ही घोषणा घाईची ठरविली.

कुकची कथा येथे संपत नाही. त्याच्या पुढील दोन्ही सफरींचे मुख्य जहाज ‘रेझोल्यूशन’ हेही व्हिटबीचेच, वापरलेले, ४,१५१ पौंडांना घेतलेले. दुसरी सफर त्याने यशस्वीपणे पार पाडली. १७७६ साली तिसऱ्या सफरीसाठी ते डेटफर्डला दुरुस्तीस लागले, तेव्हा कुक मागील सफरीचा वृत्तांत छापण्याच्या कामात गुंतला होता. पूर्वीप्रमाणे प्रत्येक फळीवर त्याची नजर राहिली नाही, असे अनेक इतिहासकार मानतात. परिणाम समुद्रावर येताच दिसला. सांधे गळू लागले, माणसांचे बिछाने भिजले, आणि केप टाउनला पुन्हा काथ्या-डांबराचे काम काढावे लागले. १७७८ साली अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील नूट्का येथे पुढली डोलकाठी सदोष निघाली. तिला लाकडी पट्ट्यांचा आधार बांधून काम भागविण्यात आले.

फेब्रुवारी १७७९ च्या आरंभी हवाई बेटावरील केआलाकेकुआ उपसागराचा निरोप घेऊन कुक निघाला होता. चारच दिवसांत वादळ झाले आणि नूट्का येथे बांधलेले तेच आधार निखळले. आता डोलकाठी उतरविल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि त्यासाठी माहीत असलेला सुरक्षित किनारा एकच होता. जहाज ११ फेब्रुवारीला परत फिरले. पहिल्या भेटीत जे स्वागत झाले होते त्याचा आता मागमूस नव्हता. यजमानांचे अन्नसाठे आटले होते, कुरबुरी वाढल्या होत्या. १३ तारखेच्या रात्री एक होडी चोरीस गेली. ती परत मिळावी म्हणून दुसऱ्या सकाळी कुक तेथील राजा कालानिओपुऊ याला ओलीस धरण्यास गेला. या अविचारातून झालेल्या चकमकीत तो स्वतः, त्याचे चार सैनिक आणि अनेक हवाईयन माणसे मारली गेली. त्या मृत्यूची जबाबदारी एका डोलकाठीवर टाकता येणार नाही. ती माणसांच्या संतापाची आणि कुकच्या उद्दामपणाचीही आहे. पण डोलकाठी शाबूत असती तर त्या सकाळी तो त्या किनाऱ्यावर नसता, हेही तितकेच खरे.

दोन्ही जहाजे एकाच जातीची, एकाच गावची, एकाच गोदीत सजलेली. पहिल्याचा तळ फुटला तेव्हा दुरुस्ती करणाऱ्यांना त्याच तळावर बसून घरी जायचे होते, म्हणून त्यांनी ओहोटीचा प्रत्येक क्षण कामी लावला. दुसऱ्याचे सांधे भरणाऱ्यांना त्यात बसावयाचे नव्हते, आणि ज्याला बसावयाचे होते त्याने पाहणी करण्यास वेळ काढला नाही. जुन्या जहाजाचा खर्च टळत नाही. तो गोदीत नजरेसमोर करावयाचा की परक्या किनाऱ्यावर अवेळी, एवढीच निवड मालकाच्या हाती असते.

कुकच्या मृत्यूनंतर ती डोलकाठी किनाऱ्यावरून जहाजावर आणून सुतारांनी तिचे काम पुरे केले. २२ फेब्रुवारीला रेझोल्यूशन उपसागराबाहेर पडले आणि ऑक्टोबर १७८० मध्ये इंग्लंडला सुखरूप पोचले.