ग्रँड विझर्ड थिओडोर

(५ मार्च १९६३ – ). अमेरिकन हिप-हॉप डीजे आणि ‘स्क्रॅच’ या वादनतंत्राचा जनक. मूळ नाव थिओडोर लिव्हिंग्स्टन. जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. थोरला भाऊ मीन जीन हा नामवंत डीजे ग्रँडमास्टर फ्लॅशचा जोडीदार, त्यामुळे तबकड्या, यंत्रे आणि गुरू सारे लहानपणीच लाभले.

ब्राँक्समध्येच १९७३ साली कूल हर्क या डीजेने गाण्यातला निव्वळ तालवाद्यांचा तुकडा, म्हणजे ‘ब्रेक’, लांबवून लोकांना नाचवायला सुरुवात केली होती. फ्लॅशने त्यात अचूकपणा आणला. थिओडोरची गोष्ट १९७५ च्या सुमाराची, तो बारा वर्षांचा असतानाची. घरी तबकड्या वाजवताना आवाज फार झाला म्हणून आई दारात येऊन रागावू लागली. तिचे ऐकताना त्याने फिरती तबकडी हाताने धरून ठेवली. हात पुढेमागे हलत राहिला आणि हेडफोनमध्ये घासल्यासारखा आवाज उमटला. योगायोग एवढाच. हा आवाज तालात बसवायला त्याने पुढे कित्येक महिने घातले आणि मगच तो लोकांसमोर आणला. शोधाचे खरे श्रेय या रियाजाला आहे.

तबकडीखाली नमद्याचा स्लिपमॅट असतो, म्हणून ती हाताने रोखली तरी खालची थाळी फिरत राहते. हात जितका वेगात, तितका स्वर चढा. दुसरा हात मिक्सरच्या क्रॉसफेडरने आवाज तोडतो. डग्ग्यावर मनगट सरकवून घुमारा चढवणाऱ्या तबलजीला हे चटकन उमगेल. नुसत्या नजरेने सुई नेमकी ब्रेकवर टाकण्याचे कसबही थिओडोरचेच.

त्याच्या फँटॅस्टिक फाइव्ह या चमूचा १९८१ मध्ये हार्लेम वर्ल्ड क्लबात कोल्ड क्रश ब्रदर्स या चमूशी झालेला रॅपचा सामना गाजला. ‘वाइल्ड स्टाइल’ (१९८३) या चित्रपटातही हा चमू दिसतो. ध्वनिमुद्रणे मात्र थोडी. त्याचे तंत्र जगभर पोहोचले ते फ्लॅशच्या १९८१ च्या तबकडीतून आणि जॅझवादक हर्बी हँकॉकच्या ‘रॉकिट’मधून (१९८३), त्यात स्क्रॅच होता ग्रँडमिक्सर डी.एसटी.चा. ‘स्क्रॅच’ (२००१) या माहितीपटाने थिओडोरला त्याचे स्थान पुन्हा दिले.

हिप-हॉप भारतातही पोहोचले. मुंबईच्या अंधेरीतल्या जे. बी. नगरातून डिवाइनसारखा रॅपर पुढे आला तोवर टर्नटेबलची जागा बहुतांशी संगणकावरच्या बीटने घेतली होती. तरीही नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईत भरलेल्या रेड बुल बीसी वन या ब्रेकडान्स स्पर्धेच्या जागतिक अंतिम फेरीत देशोदेशीचे बी-बॉय आणि बी-गर्ल डीजेने लावलेल्या ब्रेकवरच नाचले.