वकिलाचे दप्तर आणि विहारीचे शेत

र. वा. दिघे यांच्याविषयी बोलताना मी बरीच वर्षे एक सोपे वाक्य वापरीत आलो. ‘वकिली सोडून ते शेतकरी झाले, म्हणूनच शेतकऱ्याच्या कादंबऱ्या लिहू शकले.’ पनवेलच्या श्रोत्यांना हे वाक्य आवडते. काळा कोट खुंटीला टांगून नांगर धरणारा लेखक डोळ्यांसमोर उभा राहतो. पण मध्यंतरी दिघ्यांची सनावळी कागदावर मांडली आणि ते वाक्य पुन्हा उच्चारण्याचा धीर होईना.

रघुनाथ वामन दिघे यांचा जन्म १८९६ चा. बी.ए., एलएल.बी. होऊन त्यांनी पनवेलीत वकिली केली. खोपोलीजवळच्या विहारी येथे ते शेती करून राहू लागले, ते १९४० च्या सुमारास. आणि ज्या कादंबरीने त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले, ती ‘पाणकळा’ही त्याच सुमाराची. म्हणजे विहारीच्या बांधावर फारसे पावसाळे काढण्याआधीच त्यांचा शेतकरी कागदावर उतरला होता. मग तो आला कोठून?

माझे उत्तर असे, की तो पनवेलच्या कचेरीतून आला. त्या काळचे पनवेल हे कुलाबा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. १८५२ पासून नगरपालिका असलेले, खाडीचे बंदर आणि घाटाचा रस्ता यांना जोडणारे, बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले. भोवती भातशेती. भाताला राब भाजायचा तर वरकस जमीन लागते, आवण काढून लावणी करायची तर पहिल्या पावसालाच हाताशी माणसे आणि दाणे लागतात. हे साधले नाही की कूळ सावकाराच्या ओट्यावर जाते, आणि तेथून पुढे केव्हातरी वकिलाच्या. ज्या दशकात दिघे वकिली करीत होते, त्याच दशकात याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले. १९३३ साली सुरू झालेला तो संप १९३९ पर्यंत चालला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खंड, गहाण, कबुलायत हे शब्द तेव्हा जिल्हाभर पेटलेले होते.

अशा वेळी वकिलापुढे बसलेला कुणबी आपली हकीगत क्रमाने सांगत नाही. बैल कधी मेला, मुलीचे लग्न कोणत्या साली झाले, पाऊस केव्हा दडी मारून बसला, या खुणांवर तो काळ मोजतो. वकिलाला त्यातून तारीख आणि रक्कम तेवढी हवी असते. दाव्याच्या अर्जात बैल येत नाही, पाऊस येत नाही. हा गाळलेला ऐवज दिघ्यांपाशी साठत गेला असावा, असे मी मानतो. चव्वेचाळिशीच्या आसपास ज्याच्या कादंबरीला वाचक मिळतो, त्याची बेगमी फार आधीपासून झालेली असते.

तर मग विहारीचे काय? ते शेत निरर्थक ठरत नाही, त्याचे काम वेगळे होते. पहिली कादंबरी साठलेल्या अनुभवावर उभी राहते, पण पुढची दोन दशके त्याच साठ्यावर निभावता येत नाहीत. ‘सराई’, ‘आई आहे शेतात’ (१९५६), ‘पड रे पाण्या’ (१९५८) ही नावेच पाहा. ऋतू, माती, पाऊस. शेती हा दर वर्षी नव्याने येणारा अनुभव आहे. मृगाची काळजी गेल्या वर्षीच्या आठवणीवर भागत नाही. विहारीच्या माथ्यावर टाटांची धरणे. सह्याद्रीवर पडलेला पाऊस अडवून नळांतून खोपोलीला उतरवायचा आणि त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, हे १९१५ पासून चाललेले. तेच पाणी पुढे पाताळगंगेला मिळते. पाण्याची वाट पाहणारा शेतकरी आणि पाणी मोजून सोडणारे कारखानदार युग एका नजरेच्या टप्प्यात असलेली अशी जागा मराठी लेखकाला क्वचितच लाभली असेल.

याला दुसरी बाजू आहे. श्री. ना. पेंडसे लहानपणीच दापोली तालुक्यातले मुर्डी सोडून मुंबईला आले, ‘बेस्ट’मध्ये नोकरी केली आणि कोकणाच्या कादंबऱ्या मुंबईत बसून लिहिल्या. त्यांना गावाच्या आठवणीने पोसले, दिघ्यांना रोजच्या कामाने. तेव्हा शेतावर राहिल्याविना शेत लिहिता येत नाही, असा नियम काढता येणार नाही. शिवाय दिघ्यांच्या ग्रामीण कादंबऱ्यांत साहस आणि शृंगार यांचा अद्भुतरम्य रंग आहे. तो रंग ना कचेरीतला, ना शेतातला. तो त्या काळच्या कादंबरीच्या साच्यातला. अनुभवाने त्यांना धान्य दिले, पण माप बाजारातलेच वापरावे लागले. कोकणात त्यांच्यासारखे वकील पुष्कळ होते आणि त्यांनी ऐकलेले पुष्कळांनी ऐकले. ते विसरायचे नाही, असे मात्र थोड्यांनीच ठरवले.

हा हिशेब आज मांडावासा वाटतो, याचे कारण पनवेलच्याच भोवती आहे. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी येथील भातखाचरे संपादित होऊ लागली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले. त्यातून ‘साडेबारा टक्के’ हा शब्द घरोघर आला. आता त्या खाचरांवर विमानतळ उभा आहे. जमिनीची हकीगत पुन्हा एकदा वकिलांच्या दप्तरांत बांधली गेली आहे, आणि बैल, पाऊस, आवण पुन्हा अर्जाबाहेर राहिले आहेत. पनवेलच्या कोर्टात आजही कोणी तरुण वकील पक्षकाराचे लांबलेले बोलणे ऐकत बसला असेल. त्याने घड्याळाकडे पाहू नये, एवढेच माझे त्याच्यापाशी मागणे आहे.