आएध : अग्नीवरून पडलेले आयरिश नाव

'आएध' हे आयर्लंडच्या सर्वांत जुन्या पुरुषनामांपैकी एक. त्याचा अर्थ अग्नी. सहाव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत राजे, संत आणि सेनानी यांच्यात हे नाव इतके आढळते की वंशावळी वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. आज ते मूळ रूपात क्वचितच भेटते. बहुतेक ठिकाणी त्याच्या जागी 'ह्यू' असे लिहिलेले असते, आणि या 'ह्यू'चा अग्नीशी काडीइतकाही संबंध नाही.

नावामागचा इंडो-युरोपीय धातू 'जळणे, पेटवणे' या अर्थाचा आहे. संस्कृतातला 'इन्ध्' हा धातू त्याच कुळातला. मराठीतले 'इंधन' आणि होमातल्या 'समिधा' त्यातूनच आल्या. ग्रीकमध्ये याच मुळापासून पेटवण्याचे क्रियापद झाले आणि 'ऐथेर', म्हणजे वरचे तेजोमय आकाश, हा शब्दही झाला. पदार्थविज्ञानाच्या जुन्या पुस्तकांतला 'ईथर' तो हाच. लॅटिनमध्ये 'ऐडेस' हा शब्द चुलीवरून घराकडे आणि घरावरून देवळाकडे सरकला, असे मानतात. ज्युलियस सीझरच्या काळी गॉलमध्ये राहणाऱ्या एदुई नावाच्या केल्टिक टोळीचे नावही याच धातूवरून पडले असावे, असे अनेक भाषाभ्यासक मानतात.

मध्ययुगीन आयर्लंडमध्ये रोजच्या बोलण्यात विस्तवाला दुसराच शब्द रूढ होता. 'आएध' हा जुना, ग्रंथांत उरलेला शब्द झाला होता आणि त्याचा अर्थ सांगावा लागत होता. कॅशेलचा राजा आणि बिशप कॉर्मक मॅक कुलेनान 908 मध्ये लढाईत मारला गेला. त्याच्या नावावर असलेल्या शब्दकोशात 'आएध म्हणजे आग' अशी नोंद आहे. कोशकार तेवढ्यावर थांबत नाही. शब्दाची अक्षरे उलटी लावली की लॅटिन 'देआ', म्हणजे देवी, हा शब्द मिळतो आणि ही देवी म्हणजे रोमनांची अग्निदेवता वेस्टा, असे तो सांगतो. व्युत्पत्ती अर्थातच ओढूनताणून आणलेली आहे, पण कोशकाराने दिलेला मूळ अर्थ अचूक आहे.

पुराणकथांत या नावाची पात्रे बरीच आहेत. अल्स्टरच्या कथांतला तांबड्या केसांचा राजा आएध रुआध अर्न नदीच्या धबधब्यात बुडाला, म्हणून त्या जागेला 'रुआधचा धबधबा' असे नाव पडले. डोनेगलमधल्या बॅलिशॅनन गावाजवळचा हा धबधबा विसाव्या शतकाच्या मध्यास जलविद्युत प्रकल्पात नाहीसा झाला. लिरच्या चार मुलांपैकी एकाचे नावही आएधच. सावत्र आईच्या शापाने हंस होऊन ही भावंडे नऊशे वर्षे पाण्यावर राहिली, ही गोष्ट आयरिश शाळकरी मुलांना पाठ असते. या कथांवरून आएध हा मुळात अग्निदेव होता आणि पुढे माणसांनी त्याचे नाव घेतले, असा तर्क काही जुन्या अभ्यासकांनी केला. पुरावा मात्र तोकडा आहे. तेज, तापटपणा, पराक्रम या अर्थांनी अग्निवाचक शब्द मुलाचे नाव म्हणून सहज रुजू शकतो, त्यासाठी देवाची गरज नाही.

इतिहासात हे नाव ठळक होते ते सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात. उत्तरेच्या ई नील घराण्याचा राजा आएध मॅक ऐन्मिरेख आणि आयर्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवर पसरलेल्या डाल रिआटाचा राजा आएधान मॅक गाव्रान यांची ड्रम केट येथे परिषद झाली. परंपरेने तिचे साल 575 दिले जाते, तर बरेच इतिहासकार ती आणखी काही वर्षे पुढे नेतात. आयोना बेटावरच्या मठाचा संस्थापक संत कोलंबा या परिषदेला हजर होता. राजांना डोईजड झालेल्या कवींना देशाबाहेर घालवण्याचा बेत त्याने तिथे हाणून पाडला, ही भर नंतरच्या कथाकारांची. आएध मॅक ऐन्मिरेख 598 मध्ये लेन्स्टरच्या सैन्याशी लढताना मारला गेला.

पुढच्या तीनशे वर्षांत तारा येथील राजपदावर या नावाचे इतके राजे आले की त्यांना टोपणनावांशिवाय ओळखणे अशक्य झाले. 604 मध्ये मारला गेलेला आएध स्लाने, 743 मध्ये पडलेला आएध अल्लान, 819 मध्ये वारलेला 'अभिषिक्त' आएध, आणि 'गोरा-करडा' आएध. हा शेवटचा बहुधा अकाली पिकलेल्या केसांवरून ओळखला जात असावा. त्याने 866 मध्ये उत्तर किनाऱ्यावरचे व्हायकिंगांचे तळ उद्ध्वस्त केले आणि 879 मध्ये तो वारला.

मठांत हे नाव लाडिक रूपांनी वाढले. 'आन' हा प्रत्यय लागून झालेला 'आएधान' म्हणजे 'छोटा आएध'. इंग्रजीत त्याचे 'एडन' झाले. आयोनाच्या मठातून नॉर्थंब्रियाचा राजा ऑस्वाल्ड याच्याकडे गेलेला संत एडन यामुळेच इंग्लंडमध्ये हे नाव माहीत झाले. त्याने 635 मध्ये लिंडिसफार्नचा मठ स्थापला आणि 651 मध्ये तो वारला. घोड्यावर न बसता पायी फिरणारा, मिळालेले दान गरिबांना वाटून टाकणारा बिशप असे त्याचे चित्र इतिहासकार बीड याने रंगवले आहे. आयरिश पंथाच्या ईस्टर-गणनेवर बीडचा राग होता, तरी एडनबद्दल लिहिताना त्याची लेखणी मऊ होते. वेक्सफर्डमधल्या फर्न्सच्या संताचे नाव आणखी गमतीचे आहे. मूळ आएध, त्याच्या आधी 'माझा' आणि पुढे 'छोटासा' अशी दोन्हीकडून माया लागून 'मेदोग' तयार झाले. त्याचेच इंग्रजी वळणाचे रूप 'मोग' त्या भागात शतकानुशतके मुलांना ठेवले जाई. वेस्टमीथमधला संत आएध मॅक ब्रिक डोकेदुखी बरी करणारा म्हणून प्रसिद्ध होता, आणि रहू हे तिथले गाव आजही 'आएधचा कोट' या अर्थाचे नाव बाळगून आहे. 'आएधगान' या दुहेरी लाडिक रूपावरून मॅक एगन हे कायदेपंडितांचे घराणे पुढे आले. जुन्या आयरिश, म्हणजे ब्रेहन, कायद्याच्या शाळा चालवणारे हे लोक. आजची ईगन आणि कीगन ही आडनावे त्यांचीच.

दरम्यान मूळ नावाचा आवाज झिजत गेला. शेवटचा ध्वनी आपल्या 'ध'सारखा नसून इंग्रजी 'द' या निश्चित उपपदातल्यासारखा, जिभेचे टोक दातांशी नेऊन हवा घासत काढायचा होता. बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास आयरिशमधून हा ध्वनीच गेला. लिहिण्यात चार अक्षरे राहिली, उच्चारात एक स्वर उरला. दक्षिणेकडे मन्स्टरमध्ये तो 'ए' झाला, पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे 'ई'. आडनावांत हा फरक अजून ऐकू येतो. 'आएधचा नातू' या अर्थाच्या आडनावाचे दक्षिणेत 'हेज' झाले, तर 'आएधचा मुलगा' या अर्थाच्या आडनावाची उत्तरेत 'मगी' आणि 'मकी' अशी रूपे झाली. 'मुलगा' या अर्थाच्या 'मॅक'मधला शेवटचा व्यंजनध्वनी पुढच्या एकट्या स्वराला चिकटला आणि नाव ओळखू येईनासे झाले. मॅककॉय, मॅकह्यू आणि स्कॉटलंडच्या सदरलंडमधले मॅके हेही याच कुळातले. केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमेवर हॅटफील्डांशी वैर मांडलेल्या मॅककॉयांच्या आडनावातही अशा प्रकारे अग्नी दडलेला आहे.

'ह्यू' आयर्लंडमध्ये आले ते नॉर्मन सरदारांबरोबर. 1172 मध्ये मीथची जहागीर मिळालेला ह्यू द लेसी हा त्यांतला सर्वांत नामांकित. 1186 मध्ये डरो येथे किल्ल्याचे काम पाहत असताना कुऱ्हाडीच्या घावाने त्याचा खून झाला. हे नाव जर्मॅनिक आहे आणि त्याचा अर्थ मन किंवा चित्त. एका स्वरापुरते उरलेले आयरिश नाव इंग्रजी कारकुनाला कागदावर उतरवायचे झाले की जवळचे म्हणून तो 'ह्यू' लिही. अर्थाचा विचार कोणी केला नाही. याच रीतीने ताइगचा टिमथी झाला, डिअर्मिडचा जेरेमाया, कॉनरचा कॉर्नेलियस. तरी 'ह्यू'ची जोडी त्यांतल्या त्यात बरी म्हणायची, निदान लांबी तरी जुळते.

या दुहेरी नावाचे सर्वांत प्रसिद्ध धारक म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या नऊ वर्षांच्या युद्धाचे (1594–1603) दोन नेते : टिरोनचा अर्ल ह्यू ओनील आणि टिरकोनलचा 'तांबडा' ह्यू ओडोनेल. दोघांच्याही घरात आयरिश बोलली जाई आणि तिथे ते आएधच होते. ओडोनेलच्या बापाचे नावही तेच. एकापाठोपाठ दोन आएध गादीवर आले तर दुसरा मोठा राजा होईल, असे भाकीत त्या मुलखात फिरत होते. इंग्रजांनी 1587 मध्ये पंधराव्या वर्षातल्या या मुलाला फसवून जहाजावर चढवले आणि डब्लिनच्या किल्ल्यात डांबले, त्यामागे या भाकिताची धास्ती थोडीफार असावी. 1592 च्या आरंभी ऐन हिवाळ्यात तो विकलोच्या डोंगरांतून निसटला. सोबतचा आर्ट ओनील थंडीने मेला, आणि ह्यूच्या पायांचे अंगठे हिमदंशाने गेले. 1598 मध्ये यलो फोर्डला दोघांनी इंग्रज सैन्याचा मोठा पराभव केला, पण 1601 च्या अखेरीस किन्सेलला डाव उलटला. मदत मागायला स्पेनला गेलेला ओडोनेल 1602 मध्ये वारला आणि वायाडोलिड येथे पुरला गेला. 2020 मध्ये तिथे त्याच्या अवशेषांचा शोध घेताना संशोधक अंगठे नसलेला सांगाडा धुंडाळत होते. ओनील 1607 मध्ये देश सोडून गेला आणि 1616 मध्ये रोममध्ये मरण पावला. त्याच्या आयुष्यावर ब्रायन फ्रीएल याने 'मेकिंग हिस्टरी' (1988) हे नाटक लिहिले.

या दोघांच्या जाण्याने गेलिक सरदारवर्गच मोडला आणि सरकारदरबारी, चर्चच्या वहीत, शाळेत इंग्रजी रूपेच चालू लागली. 1864 पासून सर्वांच्या जन्मनोंदी सुरू झाल्या, त्याही इंग्रजीतच. घरी आयरिश बोलणाऱ्या कुटुंबातला मुलगाही कागदावर ह्यूच राहिला. गेलिक लीग ही संघटना 1893 मध्ये स्थापन झाल्यावर जुनी नावे घेण्याची हौस वाढली आणि काही लेखक-कार्यकर्त्यांनी 'ह्यू' टाकून पुन्हा आयरिश नाव स्वीकारले. तरीही मूळ नाव फारसे परतले नाही. ज्या नावाचा उच्चार फक्त 'ए' किंवा 'ई' आहे, ते हाक मारायलाही गैरसोयीचे. लाडिक रूपाला मात्र ही अडचण नव्हती. 'एडन' एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुन्या संतांच्या आठवणींबरोबर वर आला, विसाव्या शतकात आयर्लंडमध्ये आयरिश आणि इंग्रजी दोन्ही वळणांनी रूढ झाला, आणि 2000 नंतरच्या दशकात अमेरिकेत तो स्पेलिंग बदलून नवजात मुलग्यांच्या सर्वाधिक पसंतीच्या नावांत जाऊन बसला.