माथेरानची हवा आणि डॉक्टरांचे सांगणे

यंदाच्या स्मरणिकेत आरोग्यावर काही लिहा, असे अध्यक्षाबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली. हे काम डॉक्टरांचे." त्या म्हणाल्या, "डॉक्टर सांगतात आणि आपण विसरतो. जी विसरली नाही तिने लिहावे." मी विसरले नाही याला कारण घडले. ते पुढे येईलच.

आपले गाव वसले ते मुळी हवेसाठी. मे 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ पायथ्याशी चौक येथे पडला होता. ते एका संध्याकाळी सहज डोंगर चढून आले आणि येथली झाडी व थंडावा पाहून खूष झाले. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी वस्तीस उत्तेजन दिले. 1856 साली आगगाडी नेरळवरून खोपोलीकडे जाऊ लागली. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने व त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या खटपटीने 1907 साली छोटी गाडी वर आली.

त्या काळी डॉक्टरांचा मोठा सल्ला म्हणजे हवापालट. ताप दूषित हवेने येतो अशीच समजूत होती. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थदेखील वाईट हवा असाच आहे. पण 1897 साली सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले आणि हवेवरचा आळ गेला. तेव्हापासून डॉक्टर सांगू लागले की, पाणी साचू देऊ नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याची ओढ, म्हणून घरोघर पिंपे भरलेली. डेंग्यूचा डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. म्हणून पिंपावर घट्ट झाकण हवे आणि आठवड्यातून एकदा ते रिकामे करून, घासून कोरडे करावे. एवढे केले तरी निम्मे काम झाले.

आता माझी गोष्ट. पंधरा वर्षांपूर्वीचा श्रावण. धाकटी दीड वर्षांची होती. रात्री तिला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. घरात म्हणाले, "पाणी देऊ नकोस, दिलेस की आणखी होईल." मलाही ते पटले. पोर पाण्यासाठी रडत होती आणि मी मन घट्ट करून बसले होते. पहाटे तिचे डोळे खोल गेले, रडताना डोळ्यांतून टिपूस येईना. भर पावसात हातरिक्षातून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, "बाई, पोर जुलाबाने जात नाही, अंगातले पाणी संपल्याने जाते." त्यांनी जलसंजीवनी कालवली आणि माझ्याच हाताने चमच्याचमच्याने पाजायला लावली. दुपारी तिने डोळे उघडून माझ्या बांगड्या ओढल्या. आणखी उशीर झाला असता तर दस्तुरीपर्यंत चिखलातून आणि पुढे घाटाने नेरळला न्यावे लागले असते. तेवढा वेळ तिच्यापाशी होता का, हे मी आजही मनाशी बोलत नाही.

या साध्या पाण्याचा इतिहास मला पुढे कळला. 1971 साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगाव येथे पटकीची साथ पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पुड्या बांधून रोग्यांच्या नातेवाइकांनाच पाण्यातून पाजायला सांगितले. तेथे शेकडा 30 पर्यंत गेलेले मृत्यू शेकडा 4 च्या आत आले. त्यांतली कितीतरी माणसे आयाबहिणींच्या हातून वाचली.

पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. माप चुकवू नये. मीठ जास्त झाल्यास अपायच होतो. अंगावरचे दूध तोडू नये, खाणेही थांबवू नये. मूल मलूल झाले, लघवी होईना किंवा शौचातून रक्त पडले, तर घरी बसू नये.

दुसरी गोष्ट खास आपल्या गावची. घोड्यांवर कित्येक घरांच्या चुली पेटतात, तेव्हा त्यांना नावे ठेवून चालणार नाही. पण लिदीत आणि लिद मिसळलेल्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. तांबड्या मातीत पडून गुडघा फुटला की त्यावर हळद दाबून मोकळे होऊ नये. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी आणि इंजेक्शनाचे डॉक्टरांना विचारावे. गंमत अशी की, धनुर्वातावरचे औषध पूर्वी घोड्याच्याच रक्तातून काढीत.

आपली हवा चांगली आहेच. ती खायला लोक दुरून येतात. पण हवेच्या भरवशावर आपण पाणी आणि हात विसरतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरवर्षी प्लॅस्टिकच्या वाट्या लुटतो. येत्या संक्रांतीला प्रत्येकीला वाण म्हणून जलसंजीवनीची एक पुडी द्यावी, अशी माझी मंडळाला सूचना आहे. ती कपाटात पडून राहिली तर देवच पावला म्हणायचे. पण एखाद्या पावसाळी रात्री लागली, तर घरात असेल.