तंबाखूच्या घरातलं पोस्ट

पोस्टात आपण जातो, रांगेत उभ्या राहतो, पासबुकावर शिक्का बसला की लगेच घरची वाट. इमारतीकडे मान वर करून बघायला सवड कुणाला? परवा गटातल्या आम्ही सात जणी पणजीच्या मोठ्या पोस्टात गेलो. गर्दी होती, म्हणून बाहेर चौकात टेकलो आणि या वास्तूचाच विषय निघाला.

ही इमारत पोस्टासाठी बांधलेलीच नाही. पोर्तुगीज अमलात इथे तंबाखूचा व्यापार चाले. तंबाखू म्हणजे तेव्हा साधी गोष्ट नव्हती. पार ब्राझीलहून जहाजांनी पानं यायची आणि मक्ता राजाचा. राबणाऱ्या माणसाच्या विड्यातल्या चिमटीवरसुद्धा लिस्बनचा हिस्सा! शेजारच्या घरात टांकसाळ होती. इकडे नाणी पाडायची, तिकडे ती परत गोळा करायची. सोय उत्तमच म्हणायची.

समोरच्या चौकात शिक्षा देण्याचा खांब होता. १७८७ साली पिंटोंचा उठाव झाला. चर्चमधल्या वरच्या जागा गोव्याच्या पाद्र्यांना मिळत नव्हत्या, त्या रागातून हा कट शिजला. त्यात शिपाईही होते. कट फुटला आणि १५ जणांना देहदंड झाला. चौकात बसून हे ऐकताना आमच्या हातातली भजी तशीच राहिली.

पुढे तंबाखू गेली, टपाल आलं. गोव्यातली कितीतरी घरं मुंबईत आणि बोटीवर कमावणाऱ्या माणसांच्या पैशांवर चालत. १९५५ साली भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी केली, तेव्हा हे पैसे पाठवण्यावरही बंधनं आली. राजकारण सरकारांचं, पण दुकानदाराची उधारी थोपवून धरली असेल ती घरच्या बाईनेच. हे काही कुठल्या दप्तरात लिहिलेलं नसतं.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८८२ पासून पोस्टात बचत खातं होतं. गोव्याच्या बाईला ते पासबुक मिळालं १९६१ च्या मुक्तीनंतर. म्हणजे आमच्यातल्या सर्वांत थोरल्या मावशी जन्मल्या तेव्हा त्यांच्या आईच्या नावावर असं खातं असणं शक्यच नव्हतं. हे लक्षात आल्यावर मावशी जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "चला गो, खिडकी रिकामी झाली असेल."

सातही पासबुकं त्यांनीच हातात घेतली होती.