मजल्यांचा केक आणि व्यासाचा वर्ग

इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचा विवाह १८४० साली झाला. तिच्या केकचे वजन सुमारे ३०० पौंड, परीघ ९ फूट आणि जाडी १४ इंच होती, अशी नोंद आहे. म्हणजे व्यास जवळजवळ ३४ इंच! केक असा पसरट होता. त्याला उंची आली ती वरच्या शोभेच्या मूर्तींमुळे.

१८५८ मध्ये तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात केकला मजले चढले. पण खरा केक फक्त तळाशी होता. वरचे मजले निव्वळ साखरेचे. सगळे मजले खऱ्या केकचे झाले ते १८८२ मध्ये, राजपुत्र लिओपोल्डच्या लग्नात.

केकवर केक चढवण्यात अडचण कोणती? घरी तीन मजल्यांचा केक करायचा आहे असे समजू. सारख्या उंचीचे ६, ८ आणि १० इंच व्यासाचे गोल डबे घेतले. उंची सारखी असल्याने मिश्रण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात लागेल : ३६, ६४ आणि १००. आता ३६ आणि ६४ यांची बेरीज करा. पायथागोरस इथेही भेटतो! वरचे दोन मजले मिळून तळाच्या मजल्याएवढे भरतात. म्हणजे तळाच्या केकला स्वतःच्या वजनाइतकाच भार पेलावा लागतो, तोही पृष्ठभागाच्या ६४ टक्के भागावर. मऊ, सच्छिद्र केक अशा भाराखाली दबणारच.

यावर दोन उपाय झाले. सुकामेव्याने भरलेला घट्ट केक करून त्यावर अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर यांचा, वाळल्यावर कडक होणारा लेप देणे, हा एक. दुसरा उपाय इमारतीच्या खांबांचा. तळाच्या केकमध्ये त्याच्याच उंचीच्या काड्या उभ्या खोचायच्या आणि वरचा मजला पुठ्ठ्याच्या चकतीसह त्यांवर ठेवायचा. मग भार केकवर न येता काड्यांमधून थेट खालच्या पाटावर जातो.

आम्ही मुलांना विचारतो, “१० इंची डब्याऐवजी तेवढ्याच उंचीचा ५ इंची डबा घेतला, तर मिश्रण किती लागेल?” बरेच जण चटकन “निम्मे” म्हणतात. तेवढे ओतले तर ते उतू जाईल; लागते फक्त पाव. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र पाठ असूनही ही चूक होते, कारण डोळा रुंदी मोजतो, क्षेत्रफळ नाही.

आता ६, ९ आणि १२ इंची डबे घेतले तर तळाच्या मजल्यावरचा भार त्याच्या स्वतःच्या वजनाच्या मानाने वाढेल की कमी होईल? वर्गात हिशेब करून पाहा.